मुलांच्या दुखापती टाळण्यावरचं मानसशास्त्रीय संशोधन आणि त्यासाठीचा निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राचे एम.ए. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी, कॉलेजातले प्राध्यापक, अधूनमधून एखादे बालरोगतज्ज्ञ आणि संस्था चालवणारे कार्यकर्ते, या सगळ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून ते एका जागी ठेवले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुखापती टाळणं हे डॉक्टर, आरटीओ आणि नगरपालिकेचं काम. यात मानसशास्त्र कुठून आलं?

लहान मूल भाजलं की केसपेपरवर कारण लिहिलं जातं ‘गरम पाणी’. पण त्याआधी काय काय झालेलं असतं बघा. बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं, बादली न्हाणीत ठेवली, थंड पाणी आणायला ‘आलेच’ म्हणून कोणीतरी आत गेलं. दीड वर्षाचं मूल कालपर्यंत तिथवर पोचत नव्हतं, आज पोचलं. या साखळीत पाण्याचं तापमान ही एकच भौतिक गोष्ट आहे. बाकी सगळं सवय, अंदाज, लक्ष आणि घाई. तो आमचा प्रांत.

अमेरिकेतले डॉक्टर विल्यम हॅडन यांनी १९७०च्या सुमारास एक तक्ता मांडला, तो या क्षेत्रात अजून वापरला जातो. घटनेच्या आधी, घटनेच्या क्षणी आणि घटनेनंतर अशा तीन ओळी. माणूस, वस्तू किंवा वाहन आणि परिसर असे रकाने. आपला प्रश्न या तक्त्यात कुठल्या चौकटीत बसतो हे अर्जदाराला सांगता आलं पाहिजे.

एक कबुली मात्र आधीच देऊन टाकतो. स्पीडब्रेकर कधी विसरत नाही, माणूस विसरतो. जिथे रचना बदलून काम भागतं तिथे ती आधी बदलावी, त्यासाठी समुपदेशन करत बसू नये. पण विहिरीला जाळी बसवली तरी तिचं दार लावणारा हात माणसाचाच असतो.

२. ‘अपघात’ म्हटलं की तुम्ही लगेच टोकता. का?

कारण ‘अपघात’ शब्दाच्या पोटात ‘नशीब’ दडलेलं असतं, आणि नशिबावर संशोधनाला कोणी पैसे देत नाही. ‘दुखापत’ म्हटलं की कशामुळे, कुठे, कोण जवळ होतं, असे प्रश्न विचारता येतात. रोजच्या बोलण्यात खुशाल अपघात म्हणा. प्रस्तावात दुखापत लिहा.

३. दुखापत म्हणजे नेमकं काय काय? मारहाण, आत्महत्या यात धरतात का?

हेतू नसताना झालेल्या (बुडणं, भाजणं, पडणं, रस्त्यावरची धडक, विषबाधा, घशात काही अडकणं) आणि हेतू असलेल्या (मारहाण, छळ, स्वतःला इजा, आत्महत्या) अशा दोन्ही दुखापती यात येतात. पण प्रत्येक निधीची चौकट वेगळी असते. प्रश्न ६ मधली योजना दोन्ही प्रकार मानते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ मध्ये मुलांच्या दुखापतींवर जो मोठा अहवाल काढला, तो मुख्यतः पहिल्या प्रकारावर आहे. त्यात वर्षाला सुमारे ८,३०,००० मुलांचे मृत्यू, म्हणजे दिवसाला दोन हजारांहून जास्त, असा अंदाज होता.

शरीराला इजा नसलेला निव्वळ मानसिक आघात यात बसत नाही. दुखापतीनंतरचं समुपदेशनही नाही. इथे विषय *प्रतिबंधाचा* आहे. अर्ज नाकारले जाण्याचं हे फार साधं आणि फार वारंवार दिसणारं कारण.

४. शाळेत, पुस्तकात, टीव्हीवर सगळं सांगतातच की. मग संशोधन कसलं करायचं?

याचंच. सांगितलेलं कळतं का, आणि कळलेलं वेळेवर हातून घडतं का, याचं.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे. त्यांना दोन-तीनच्या गटाने एका खोलीत पंधरा मिनिटांपर्यंत ठेवलं. तिथल्या ड्रॉवरमध्ये पाण्याची पिचकारी-पिस्तुलं होती आणि एका ड्रॉवरमध्ये खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल. ४८ मुलांना ते सापडलं. ३० जणांनी हाताळलं. १६ जणांनी चाप ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं, की बंदुकीपासून कसं सांभाळायचं हे आम्हाला आधी शिकवलेलं आहे.

म्हणजे परीक्षेत ती सगळी पास झाली असती.

रस्ता ओलांडण्याचंही तसंच. ‘आधी उजवीकडे, मग डावीकडे बघा’ हे मुलं घडाघडा म्हणतात आणि चेंडूमागे सरळ धावतात. ग्लासगोच्या ड्रमचॅपल भागात १९९०च्या दशकात ‘कर्बक्राफ्ट’ नावाची पद्धत घडली. पाच ते सात वर्षांच्या मुलांचे छोटे गट प्रत्यक्ष रस्त्याकडेला न्यायचे, प्रशिक्षण दिलेल्या पालकांनी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा सराव करून घ्यायचा. मुलांच्या वागण्यात फरक पडला तो या सरावाने, फळ्यावरच्या चित्रांनी नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या जोडी प्लमर्ट यांनी आणखी वेगळी बाजू दाखवली: सहा वर्षांची मुलं आपला हात किती उंच पोचेल, उडी कुठवर जाईल याचा अंदाज सरसकट जास्त धरतात. माहिती नसते असं नाही, माप चुकतं.

‘जनजागृती’ हा शब्द प्रस्तावात दिसला की आमची भुवई वर जाते, ती या कारणाने. प्रश्न १० मध्ये हे परत येईल.

५. या विषयाला वाहिलेला निधी देतं तरी कोण?

फार थोडे. दुखापत हे कोणत्याच खात्याचं लाडकं मूल नाही. आरोग्य खातं म्हणतं रस्ते बघा, बांधकाम खातं म्हणतं पोलीस बघा, पोलीस म्हणतात पालक बघा. अमेरिकेत सीडीसीचं (तिथल्या सरकारी रोग नियंत्रण संस्थेचं) राष्ट्रीय दुखापत प्रतिबंध केंद्र १९९२ पासून आहे, शिवाय बालआरोग्यावरच्या राष्ट्रीय संस्थेतून पैसा येतो. बुडण्याच्या प्रश्नावर ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या दानसंस्थेने बांगलादेशात मोठा खर्च केला. आणि फक्त ‘मुलांच्या दुखापती टाळण्याची मानसशास्त्रीय बाजू’ एवढ्याच विषयाला वाहिलेली एक लहानशी योजना आहे, तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात. भारतातल्या वाटा प्रश्न ९ मध्ये आहेत.

६. लिझेट पीटरसन-होमर स्मृती निधी म्हणजे काय? त्या कोण होत्या?

अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात (कोलंबिया) त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं. अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशन आणि बालरोग मानसशास्त्राची संघटना, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा (एपीए) ५४वा विभाग, यांनी मिळून त्यांच्या नावाने हा निधी ठेवला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींच्या शारीरिक दुखापती समजून घेणं किंवा टाळणं हा त्याचा विषय. रक्कम ५,००० डॉलरपर्यंत राहिली आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठातले विद्यार्थी किंवा अध्यापक अर्ज करू शकतात, आणि माणसांवर अभ्यास असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. रक्कम, तारीख आणि अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या. सिनियरने तीन वर्षांपूर्वी पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

त्यांचं काम मला या निधीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. आईवडील कामावर असताना एकट्या घरी राहणाऱ्या मुलांना त्यांनी १९८०च्या दशकात घरातल्या धोक्यांचं प्रशिक्षण दिलं: आग लागली तर काय, दारावर अनोळखी माणूस आला तर काय, कापलं तर काय. तोंडी नाही, प्रत्येक कृती करवून घेऊन. पुढे त्यांनी खरचटणं, आपटणं, चटका बसणं अशा किरकोळ दुखापतींची मुलं आणि आया यांच्याकडून नियमित नोंद घ्यायला सुरुवात केली. त्यातून एक कडू गोष्ट पुढे आली. अशी दुखापत झाल्यावर बहुतेक वेळा घरात काहीच बदलत नाही. फुंकर मारली, मलम लावलं, संपलं. स्टूल तिथेच.

७. भारतातून अर्ज करता येतो का? आणि डॉलर इथे आणायचे कसे?

अर्ज करता येतो की नाही हे त्या वर्षीच्या पात्रतेच्या अटींवर ठरतं. पैसा आणणं हा मात्र वेगळा डोंगर आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी बघतात.

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए, २०१० (परदेशी योगदान नियमन कायदा) खाली नोंदणी किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरतो, आणि एका संस्थेने घेतलेला निधी पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. म्हणजे ‘पुण्याच्या संस्थेकडे एफसीआरए आहे, ते आम्हाला साताऱ्याला देतील’ हा मार्ग बंद झाला. शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन या स्वरूपाच्या रकमेला कायद्यात सवलत आहे, पण संशोधन निधी म्हणजे शिष्यवृत्तीच असं परस्पर धरून चालू नका. संस्थेच्या लेखा विभागाकडून लेखी घ्या.

आरोग्यविषयक संशोधनात परदेशी पैसा किंवा परदेशी सहकारी असेल तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं.

परदेशात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हा त्रास बराच कमी. त्यांचं विद्यापीठ पैसे घेतं आणि खर्चाचा हिशेब ठेवतं. अभ्यासातली मुलं भारतातली असतील तर मात्र इथली नैतिकता मंजुरी लागतेच.

८. पाच हजार डॉलर म्हणजे चार-साडेचार लाख रुपये. एवढ्यात काय होणार?

प्रश्न लहान आणि टोकदार असेल तर पुष्कळ होतं. प्रश्न १ मधलीच न्हाणी घेऊ. बादलीत *आधी थंड, मग कढत* पाणी ओतायचं, एवढी एकच सवय. घरात लहान मूल असलेली साठ-सत्तर कुटुंबं. निम्म्यांना नेहमीचं माहितीपत्रक. उरलेल्यांच्या घरी जाऊन न्हाणीत उभं राहून सराव करून घ्यायचा, शिवाय बंबाजवळ आठवणीची एक खूण बांधायची. मग सहा महिने दर पंधरवड्याला फोन: या पंधरवड्यात चटका बसला का, बसता बसता राहिला का, त्या वेळी जवळ कोण होतं, नंतर काय बदललं? आणि दोनदा, न कळवता नव्हे पण नेमकी वेळ न सांगता, घरी जाऊन बघायचं की बादलीत पहिल्यांदा काय पडतं.

खर्च कुठे जाईल? त्याच तालुक्यातली एक क्षेत्र-संशोधक अर्धवेळ, तिचा प्रवास, फोन, कुटुंबांना वेळेचा मोबदला, नोंदींचं काम. लॅपटॉप नाही. परिषदेसाठी बँकॉक तर नाहीच.

इथे मृत्यू मोजायचे नाहीत हे लक्षात घ्या. सुदैवाने मृत्यू इतके विरळ असतात की साठ घरांत सहा महिन्यांत काहीच दिसणार नाही, आणि ‘एकही मृत्यू झाला नाही, म्हणून उपाय यशस्वी’ असं लिहिणारा अर्जदार परीक्षकाच्या पहिल्याच वाचनात बाद होतो. किरकोळ दुखापती, ‘थोडक्यात वाचलं’ असे प्रसंग आणि डोळ्यांनी पाहिलेलं वागणं, या तीन गोष्टी लहान अभ्यासात मोजता येतात.

९. भारतात कुठे अर्ज करायचा?

‘मुलांच्या दुखापतींचं मानसशास्त्र’ अशी वेगळी पेटी इथे नाही. आपला विषय दुसऱ्याच्या पेटीत नीट बसवावा लागतो.

आयसीएमआरच्या बाह्य संशोधन योजनेत दुखापत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडा. बालरोग किंवा जनआरोग्य विभागातला कोणी सहसंशोधक असेल तर बरं. आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, १९६९ पासून आहे. तिचे पहिले सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातल्या तिच्या पश्चिम विभागीय केंद्राच्या इमारतीला नावही त्यांचंच. तिथे पालकत्व, कुटुंब, स्थलांतर, कष्टकऱ्यांची मुलं अशा अंगाने विषय जातो. लक्ष, अंदाज, निर्णय यांवर प्रयोग असतील तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची २००८ मध्ये सुरू झालेली आकलनविज्ञान संशोधन योजना बघा.

पीएच.डी. करणाऱ्यांनी प्रकल्पनिधीच्या आधी स्वतःच्या पोटाची सोय करावी. नेट-जेआरएफ असेल तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. नसेल तर आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. विषय दुखापतींचा असला म्हणून त्यांची हरकत नसते, गाईडची असू शकते.

आयसीएमआरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या अल्पकालीन योजनेबद्दल दर वर्षी विचारणा होते. ती मुळात वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, एम.ए. मानसशास्त्रासाठी नाही.

१०. आमचा प्रस्ताव पथनाट्य, पोस्टर आणि शंभर शाळांत व्याख्यानं असा होता. ‘संशोधन मूल्य नाही’ म्हणून परत आला. एवढं चांगलं काम, मग का?

काम चांगलं असेल, पण त्यात प्रश्नच नव्हता. शंभर शाळा झाल्यावर तुम्हाला आधी न माहीत असलेलं नेमकं काय कळणार होतं? ‘व्याख्यानाआधी ४० टक्के आणि नंतर ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं’ हा निष्कर्ष तुम्ही आजच लिहून देऊ शकता. प्रश्न ४ मधली पिस्तूल हाती धरणारी मुलंही ८५ टक्क्यांतच बसली असती.

तोच प्रस्ताव वाचवता येतो. शंभर शाळांऐवजी आठ घ्या. चार शाळांत व्याख्यान, चार शाळांत शाळेसमोरच्या रस्त्यावर सराव. शाळा सुटताना गेटबाहेर, कोणत्या शाळेत काय झालं हे माहीत नसलेल्या दोघांना बसवा, आणि रस्त्यात पाय टाकण्याआधी किती मुलं थांबतात, किती मान वळवतात ते मोजा. तीन महिन्यांनी परत मोजा. पथनाट्याची हौस असेल तर ते तिसरा गट म्हणून ठेवा. जिंकलं तर मी टोपी काढीन.

११. महाराष्ट्रात कोणते विषय मोकळे पडले आहेत? एखादा सुचवा.

माझं पहिलं बोट शेततळ्याकडे जातं. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी शिवाराशिवारांत झाली. जुन्या विहिरीची भीती घराघरांत मुरलेली होती, ‘तिकडे जाऊ नको, आसरा ओढतात’ असं आजी सांगायची. शेततळं दिसायला उथळ, निळं, हौदासारखं. आत पडलेल्या मुलाला मात्र त्या गुळगुळीत उतारावर पाय रोवताच येत नाही. पोहता येणारेही दमतात. कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर हे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. मग ते लावणारे शेतकरी आणि न लावणारे शेतकरी यांच्यात फरक कशाचा? पैशाचा, की धोका दिसण्या-न-दिसण्याचा? हा पुरता मानसशास्त्रीय प्रश्न आहे.

दुसरा विषय राखणीचा. ‘ताई आहे ना घरी’ या वाक्यावर आपल्याकडे कितीतरी दुपारी निघतात. ती ताई नऊ वर्षांची असते. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठातल्या बार्बरा मोरॉन्जिएलो यांनी दाखवलं, की मोठ्या भावंडाच्या राखणीत धाकटी मुलं जास्त धोका पत्करतात, आणि त्याचं एक कारण म्हणजे ती आईचं जितकं ऐकतात तितकं ताईचं ऐकत नाहीत. एकत्र कुटुंबात, आजी-काकू-शेजारीण असताना हे चित्र कसं दिसतं? ‘सगळ्यांचं लक्ष’ म्हणजे प्रत्यक्षात कोणाचंच नाही, असं होतं का? बांगलादेशात याच दिशेने काम झालं. लहान मुलं बुडतात ती मुख्यतः सकाळी, आया कामात असताना, हे दिसल्यावर सकाळी ९ ते दुपारी १ चालणारी ‘आँचल’ पाळणाघरं निघाली. त्यांचा परिणाम मोजला गेला, आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ८,००० बालसंगोपन केंद्रांचा प्रकल्प मंजूर केला. इकडे मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबांची मुलं कोपीत, बैलगाडीखाली, ट्रॅक्टरच्या आसपास दिवस काढतात. त्यांच्या शाळेबद्दल बोललं जातं, त्यांच्या राखणीबद्दल कमी.

दुचाकीवर वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पुढे टाकीवर बसलेलं पोरगं उघडं, हे दृश्य रोजचं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि पट्टा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तो किती वडिलांना माहीत आहे, आणि माहीत असणाऱ्यांपैकी किती पाळतात, ही दोन वेगळी मोजमापं आहेत. दहीहंडीच्या थरावर चौदा वर्षांखालची मुलं चढवायची नाहीत हे २०१७ पासून ठरलेलं आहे. मंडळाच्या बैठकीत ‘वर कोण’ हे कसं ठरतं, याचा अभ्यास एखाद्या गोविंदा पथकातल्याच विद्यार्थ्याने करावा. नायलॉन मांजाची गोष्ट साधारण तशीच.

१२. धोक्यातलं वागणं बघायचं म्हणजे मुलांना धोक्यात घालायचं का?

नाही, आणि इथेच कल्पकता लागते. निकामी केलेलं पिस्तूल हे एक उदाहरण झालं. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात ‘खोटा रस्ता’ वापरला गेला: खऱ्या रस्त्याला लागून फुटपाथवर आखलेला एक पट्टा. मूल खरी वाहनं बघतं, पण ‘आता जावं’ असं वाटलं की खोटा रस्ता ओलांडतं. अलाबामा विद्यापीठात (बर्मिंगहॅम) डेव्हिड श्वेबेल यांनी यासाठी आभासी रस्ता तयार केला, मूल पायरीवरून उतरलं की पडद्यावर चालायला लागतं. आपल्याकडे उपकरणं नसतील तर खोट्या रस्त्याला खडू पुरतो.

एक बंधन कधीच सुटत नाही. निरीक्षकासमोर मूल खरोखर धोक्यात आलं तर निरीक्षण तिथेच थांबतं आणि निरीक्षक धावतो, मग नोंद बिघडली तरी चालेल. हे प्रस्तावात लिहा.

१३. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. पालकांची संमती वेगळी लागते का?

लागते. मुख्याध्यापक दार उघडू शकतात, मुलाच्या वतीने हो म्हणू शकत नाहीत. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती, आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकार: ७ ते १२ वर्षांत तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. अगदी किरकोळ जोखीम असेल तर एका पालकाची सही साधारणपणे पुरते.

अडतं ते ऊसतोडीसारख्या ठिकाणी. आईवडील पहाटे तीनला गेलेले, मूल आजोबांकडे. आजोबा म्हणजे कायदेशीर पालक नव्हेत. अशा वेळी गावातून निघण्याआधीच संमती घेण्याचं वेळापत्रक आखा. आणि संमतीपत्र मराठीत, बोलता येईल असं लिहा. ‘सदर संशोधनाच्या अनुषंगाने’ अशी सुरुवात असेल तर कोणी वाचणार नाही, सही मात्र करतील, आणि तेच वाईट.

१४. घरी गेल्यावर दुखापत मारहाणीची आहे असं लक्षात आलं तर? गोपनीयतेचं वचन दिलेलं असतं.

ते वचन बिनशर्त द्यायचंच नसतं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि ‘मी संशोधक आहे’ ही सबब चालत नाही. इतर छळाच्या बाबतीत बालकल्याण समिती आणि मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक. किशोरवयीन मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर त्याच दिवशी कोण, किती तासांत, कोणाकडे नेणार हे आधी ठरलेलं हवं. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापून दिला म्हणजे जबाबदारी संपत नाही. गोपनीयतेची ही मर्यादा संमतीपत्रात सुरुवातीलाच सांगा. त्याने काही घरं नकार देतील. देऊ द्या.

१५. निधीतून हेल्मेट, गॅलरीच्या जाळ्या विकत घेऊन वाटता येतील का?

वस्तू हा अभ्यासाचा भाग असेल तर हो. ‘फुकट हेल्मेट मिळालं की वापर वाढतो, की थोडे पैसे भरून घेतलं की वाढतो’ असा प्रश्न असेल तर हेल्मेट हे साहित्य आहे. प्रश्न नसेल तर ते दान आहे, त्याला वेगळा दाता शोधा. एक नैतिक मुद्दाही असतो: ज्या गटाला काही दिलं नाही, त्यांनाही अभ्यास संपल्यावर ते द्या, आणि तो खर्च पहिल्यापासून बजेटमध्ये धरा.

१६. हेल्मेट बनवणारी कंपनी पैसे द्यायला तयार आहे. घ्यावे का?

प्रश्न कोणाचा आहे ते आधी बघा. हेल्मेटवर संशोधन करायला हेल्मेटवाल्याचा पैसा आला की ‘वाहनांचा वेग कमी करणं जास्त उपयोगी’ असं निघणारं उत्तर लिहिताना हात जड होतो. घ्यायचाच असेल तर करारात तीन गोष्टी लेखी हव्यात: निष्कर्ष काहीही आले तरी प्रसिद्ध करण्याचा हक्क तुमचा, माहिती तुमच्या ताब्यात, आणि प्रसिद्धीआधी कंपनीची मंजुरी नाही. कंपनीने दुसऱ्या कलमावर खळखळ केली तर उठून या.

१७. पैसे घेतले, अभ्यास केला, आणि उपायाचा काहीच उपयोग झाला नाही असं निघालं. आता?

आता ते लिहा, लपवू नका. या क्षेत्रातला एक फार कामाचा निष्कर्ष असाच ‘काही उपयोग नाही’ या जातीचा आहे. शाळेतून वाहन चालवायला शिकवलं तर किशोरवयीन मुलांचे अपघात कमी होतील असं सगळ्यांना वाटत होतं. २००१ मध्ये कॉक्रेन समीक्षेत प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा धडका कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट शिकलेल्या मुलांना परवाना लवकर मिळत होता, म्हणजे ती रस्त्यावर लवकर येत होती. हेतू चांगला, परिणाम उलटा. तो अभ्यास कोणी लाजून कपाटात ठेवला असता तर?

निधी देणारे पैसे परत मागत नाहीत. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर दिलं नाही तर मात्र पुढचा हप्ता अडतो.

१८. राजकारणामुळे निधी बंद पडतो, असं खरंच होतं का?

होतं. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने सीडीसीच्या दुखापत निधीतून बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करता येणार नाही, असं कलम घातलं. ते डिकी दुरुस्ती म्हणून ओळखलं जातं. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती, पण बंदुकीच्या दुखापतींवर खर्च होत होते तेवढे, म्हणजे सुमारे २६ लाख डॉलर, दुसरीकडे वळवले गेले. इशारा पुरेसा होता. वीसहून जास्त वर्षं हा विषय जवळजवळ कोरडा राहिला, आणि २०२० या आर्थिक वर्षासाठी पुन्हा अडीच कोटी डॉलर मिळाले. त्याच २०२० मध्ये बंदूक हे अमेरिकेतल्या १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं. या मधल्या काळात लहान खाजगी निधींनी काही लोकांना विषयात टिकवून धरलं, म्हणून पाच हजार डॉलरला हसू नये असं मी म्हणतो.

१९. प्रश्नावली इंग्रजीत आहे. मराठी करून वापरली तर चालेल का?

मूळ कर्त्याची परवानगी, एकाने मराठी करणं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजी करणं, मग वीस-तीस आयांवर चाचणी, एवढं तर हवंच. पण राखणीवरच्या परदेशी प्रश्नावलीत गृहीत असतं की घरात एक आई आणि एक मूल आहे. ‘मी मुलाला नजरेआड होऊ देत नाही’ यावर आमच्याकडची आई म्हणते, ‘मी नाही, पण सासूबाई असतात.’ तिला कुठला पर्याय द्याल? अशी वाक्यं भाषांतराने सुटत नाहीत, नव्याने लिहावी लागतात, आणि मग ती नवी प्रश्नावली आहे हे प्रामाणिकपणे सांगावं लागतं. ते काम एकट्यानेच एका लहान निधीचा विषय होऊ शकतं.

२०. अर्जाची तयारी किती आधी सुरू करू?

शेवटच्या तारखेपासून उलटं मोजा. नैतिकता समितीची बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदा होते आणि पहिल्या फेरीत कागद हमखास परत येतात, तिथेच सहा महिने धरा. शिफारसपत्रांना महिना. बजेटवर विभागप्रमुख, लेखा विभाग आणि कुलसचिव यांच्या सह्या, त्यात एक जण नक्की रजेवर. प्राथमिक पाहणी दहा घरांची का होईना, केलेली असावी, कारण ‘करून बघितलं, एवढी घरं तयार झाली, एवढ्यांनी फोन उचलले’ ही ओळ परीक्षकाला इतर पाच पानांपेक्षा जास्त पटते. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरची तारीख गाठायची असेल तर ती दहा घरं या दिवाळीच्या सुट्टीत.